रजियाबी कोणत्या वारी कुठं?

मराठवाड्यातून परतले त्याला तीन आठवडे झाले. कार्यालयातल्या मैत्रिणींची समजूत अशी, की मी लेणी, किल्ला, गुरुद्वारा असं बरंच काही पाहून आले असणार. त्यातलं मी काहीच पाहिलं नाही. पाच दिवसांत मी पाहिलं ते एक नवं वसवलेलं गाव, एक शहर, एक तालुक्याचं ठिकाण, एक बाजार आणि नांदेडमधला तीन मजल्यांचा एक जिना. जिना शेवटी आला, पण पाचही दिवस माझ्या डोक्यात तोच होता.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं, कारण त्याशिवाय माझी चूक कळायची नाही. मी नाशिकला नियोजनाच्या कार्यालयात आहे. गावांची प्रतवारी लावणं हे माझं काम. तक्ता साधा असतो: गाव, लोकसंख्या, शाळा, दवाखाना, बँक, पोस्ट, एसटी थांबा, बाजार आणि शेवटी, आसपासची किती गावं इथं कामाला येतात. काडेपेटी प्रत्येक वाडीत मिळते, कारण ती प्रत्येक चुलीला लागते. कापडाच्या दुकानाला चार गावांचं गिऱ्हाईक लागतं. कॉलेजला अख्खा तालुका आणि मोठ्या शस्त्रक्रियेला अख्खा जिल्हा. म्हणून वाड्या पुष्कळ, बाजाराची गावं थोडी आणि शहर एखादंच. ही शिडी मी इतकी वर्षं भरते आहे, की जे खालच्या पायरीवर मिळत नाही ते वरच्या पायरीवर मिळणारच, हे मी गृहीत धरून बसले होते.

गुरुवार, बोरखडी पाटी

आपण ज्याला फाटा म्हणतो त्याला लातूरकडे पाटी म्हणतात. काळीपिवळी जीपनं मला बोरखडी पाटीवर सोडलं तेव्हा माझी मावसबहीण सुनंदा घ्यायला आली होती. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान. भूकंपात तिचा डावा पाय गुडघ्याखाली गेला, सासू गेली, आणि घर म्हणजे दगडमातीचा ढीग झाला. तेव्हा सहा वर्षांची असलेली तिची प्रज्ञा आता बारावीत आहे. सुनंदा कृत्रिम पायावर चालते, आणि अशी चालते की नवख्याला समजत नाही.

मी आले होते ती तिला नांदेडला पोचवायला. तिथं मेडिकलच्या सीईटीचे क्लास लावलेल्या मुलींच्या एका वसतिगृहाला रेक्टर हवी होती. रेक्टरच्या मुलीला राहणं-जेवण मोफत. प्रज्ञा आधीच तिथं एका मैत्रिणीच्या खोलीत आठ दिवसांच्या बोलीवर जाऊन राहिली होती. मालकीणबाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं: "पायाचं तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. सोमवारी दहाला या, तिन्ही मजले चढून दाखवा, मग ठरवू. दुसरी एक बाई सांगून ठेवलेली आहे." म्हणजे सोमवारी सुनंदा जिना चढली तर मायलेकींना छप्पर, नाही तर प्रज्ञाचं वर्ष घरी.

सुनंदानं हसत हसत माझी सूटकेस उचलली. "काय दगडं आणलीस का गं ताई?" एवढं म्हणाली आणि कटकन आवाज झाला. तिचा कृत्रिम पाय मांडीवरच्या चामडी पट्ट्यानं धरलेला असतो. पट्ट्याचं रिव्हेट, म्हणजे चामड्यातला खिळा, उखडलं, चामडं वीतभर फाटलं आणि ती माझ्या सूटकेसवरच बसली. सूटकेसमध्ये नाशिकचा चिवडा, दोन डबे आणि माझ्या चार वह्या होत्या. वह्या नसत्या तर कदाचित पट्टा वाचला असता.

नवं गाव पाटीपासून जवळच. सरळ रस्ते, चौकोनी घरं, घरावर नंबर. मी पाहिलेल्या गावांत इतकं नीट आखलेलं गाव दुसरं नाही. शाळा आहे, समाजमंदिर आहे, बाजारासाठी पत्र्याच्या छपराखालच्या ओट्यांचं आवारही आहे. मी सवयीनं वहीत खुणा केल्या. बाजार: आहे.

"काय लिव्हलालीस?" सुनंदा भिंतीला धरून म्हणाली. (लिहिते आहेस, असं म्हणायला ते लिव्हलालीस म्हणतात. नाशिकची माझी बहीण आता पुरती लातूरची झाली आहे.)

"बाजाराचं आवार आहे तुमच्यात. छान आहे."

"तिथं शेळ्या बसत्यात. बाजार पाटीवर भरतो, शुक्रवारी. उद्याच हाय. उद्या रजियाबी येती, ती पट्टा करून देईल."

"कोण रजियाबी?"

"बाजारात बसती. पट्टेवाली."

"बाजारात? सुनंदा, हा पाय आहे, पिशवीची चेन नाही. आपण उद्या लातूरला जाऊ. जिल्ह्याचं ठिकाण आहे, मोठी हॉस्पिटलं आहेत, तासाभरात होईल."

तिचे यजमान मधुकरराव पेरणीआधीच्या घाईत होते. ते भाकरी मोडता मोडता म्हणाले, "रजियाबीचं काम पक्कं असतंय बगा." मी तिकडे लक्ष दिलं नाही. भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी. आमच्याकडे आमटीला गोडा मसाला लागतो. इथं भाजलेल्या धान्याचं येसर पीठ आमटीला असा दाटपणा आणतं, की मी दोनदा वाढून घेतली. सुनंदा मात्र फाटलेला पट्टा मांडीवर घेऊन बसली होती. "तू म्हणतीस तर लातूर," एवढंच ती बोलली.

शुक्रवार, लातूर

सकाळी शेजारच्या यमुनाकाकूंची कुबडी मागून घेतली. काकू म्हणाल्या, "पुढल्या शुक्रवारपतुर नेली तरी चालंल, घरात मी काठीवर भागविते." पाय एका बाजारपिशवीत घातला, आणि पुढे नांदेडला जायचंच होतं म्हणून सूटकेसही बरोबर घेतली. पाटीवर गाड्या लागत होत्या, कुणी ताडपत्री पसरत होतं, कुणी मिरच्यांचे ढीग घालत होतं. जीप हलली तेव्हा सुनंदा मागे वळून बाजाराकडे पाहत होती. ते मी पाहिलं आणि घड्याळ पाहिलं.

लातूर शहरात उतरल्यावर पहिली गोष्ट दिसते ती मुलांचे चेहरे. फलकांवर दाराएवढाले चेहरे, खाली मार्क, खाली क्लासचं नाव. रिक्षावाल्याला दवाखाना म्हटलं की तो विचारतो, "कोणत्या क्लासच्या जवळचा?" गाद्यांच्या वळकट्या घेतलेले बाप, स्टीलचे डबे घेतलेल्या आया, झेरॉक्सच्या रांगा. चंद्रपूरचे, सिंधुदुर्गचे, धुळ्याचे लोक. माझ्या तक्त्यातला शेवटचा रकाना या शहराला पुरणार नाही; शिकवणीसाठी लातूरचं गिऱ्हाईक अख्खं राज्य आहे.

पण एका पट्ट्यासाठी? सर्जिकल वस्तूंच्या दुकानात मालकानं पट्टा उलटसुलट पाहिला. "पुण्याहून मागवावा लागेल. आठ-दहा दिवस." एका दवाखान्यात कृत्रिम पायांचा विभाग होता, दाराला कुलूप होतं. तंत्रज्ञ महिन्यातून दोनदा येतो, परवाच येऊन गेला. चपलांच्या मोठ्या दुकानानं हात जोडले. शेवटी रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या एका कारागिरानं तयारी दाखवली. "माप घ्यावं लागंल, ताई. मांडीवर बांधून बघावं लागंल." वर्दळीचा चौक, समोर पोरांचा घोळका. सुनंदा कुबडी टेकून सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "इथं न्हाई."

मी माझ्या परीनं युक्ती केली. परकराची नाडी आणि सूटकेसचा पट्टा एकत्र बांधला. चार पावलं गेली, पाचव्याला पाय आडवा झाला, आणि माझ्या हातातल्या चहाचा पेला एका क्लासच्या फलकावर रिकामा झाला.

चार वाजले होते. माझ्या यादीतली सगळी ठिकाणं खोडून झाली होती. परत पाटीवर जाईपर्यंत बाजार उठलेला असता. सुनंदा एका पायरीवर बसली होती. ती माझ्यावर चिडली असती तर बरं वाटलं असतं.

"ताई," ती म्हणाली, "त्या दुसऱ्या बाईला फोन करून सांगत असतील का गं, तुम्ही तयार राहा म्हणून?"

माझ्या सूटकेसनं पट्टा तुटला आणि माझ्या शिडीनं शुक्रवार गेला, एवढं मात्र मला नीट कळलं. "चुकलं माझं," मी म्हणाले. "आता तू सांग, काय करायचं."

"रजियाबी शोधायची. पण ती उद्या कुठं बसती ते मला ठावं न्हाई. मला माझा शुक्रवारच ठावा."

लॉज सगळे पालकांनी भरलेले. शेवटी गोंदियाकडच्या एका आईबरोबर अर्धी खोली मिळाली. तिनं सुनंदाच्या पिशवीतून बाहेर आलेलं चप्पल घातलेलं पाऊल पाहिलं, किंचाळली, आणि मग पंधरा मिनिटं आमची माफी मागत राहिली.

शनिवार, चाकूरची एसटी

नांदेडची दिशा सोडायची नाही आणि रजियाबीचा पत्ता काढायचा, म्हणून आम्ही चाकूरच्या गाडीत बसलो. निघण्याआधी स्टँडसमोर सुशीला खाल्ली. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी, वरून डाळं. आपल्या पोह्यांची मावशी म्हणावी अशी. नाशिकच्या मिसळीनंतर हे खाणं म्हणजे पोटाला सुट्टी दिल्यासारखं.

गाडीत कंडक्टरनं पिशवीतल्या पावलाकडे पाहिलं. "हे कुणाचं?"

"माजंच," सुनंदा म्हणाली. "तिकीट लागतंय का? गुडघ्याखालचाच हाय, अर्धं फाडा."

गाडी हसली. आणि त्या हसण्यातूनच आमचं काम झालं. मागच्या बाकावर लसणाच्या दोन पोत्यांमध्ये बसलेली एक बाई पुढे सरकली. गोदाबाई. चाकूरकडच्या बाजारांतून लसूण विकते.

"पट्टा तुटला का? तुमचं गाव कोणत्या वारचं?" तिनं विचारलं.

गाव कोणत्या तालुक्याचं, हे मला इतकी वर्षं विचारता येतं. कोणत्या वारचं, हे मला कुणी विचारलं नव्हतं.

"शुक्रवारचं," सुनंदा म्हणाली. "काल चुकलं. रजियाबी पायजे."

"रजियाबी का? आज न्हाई घावायची, शनिवारी ती चामडं आणाया जाती. उद्या ऐतवार. उद्या आंबेवाडी पाटीला बसती, चाकूरच्या म्होरं. माझ्या पल्याड पाचवं दुकान. मंगळवारी तिकडं, बुधवारी अल्याड..." ती बोटं मोडत सांगत गेली आणि मी लिहीत गेले. कोणत्या पाटीला कोणत्या वारी भांडी, कोणत्या वारी बैलांच्या घुंगुरमाळा, कोणत्या वारी चष्मे. सहा दिवस रिकामा असलेला माळ सातव्या दिवशी तालुक्याच्या गावापेक्षा मोठा होतो, आणि संध्याकाळी पुन्हा माळ. लसणाचा वास लागलेलं ते पान माझ्या वहीतलं या प्रवासातलं सगळ्यात कामाचं पान ठरलं.

"हे लिहून कुणाला देणार?" गोदाबाईनं विचारलं.

"आमच्या साहेबांना."

"त्यांना लसूण लागतोय का इच्यारा."

चाकूरला सुनंदाच्या चुलत नणंदेकडे उतरलो. चाकूर माझ्या तक्त्याप्रमाणे अगदी शिस्तीचं: तहसील, कॉलेज, बँका, दवाखाने. नणंदेनं अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या केल्या. मी पाटा-वरवंटा, कण्या, चूल असं काही विचारत बसले आणि सुनंदा अंगणात कुबडीवर इकडून तिकडे येरझारा घालत होती. शेवटी नणंद म्हणाली, "बस की गं. उद्याचा ऐतवार काय आज येणार हाय का?"

रविवार, आंबेवाडी पाटी

बाभळींखाली बाजार. गोदाबाई लांबूनच हात करत होती. तिच्यापलीकडे पाचवं दुकान: पुढे एक दाढीवाले गृहस्थ बैलांचे पट्टे शिवत होते, मागे दोन बांबूंना फुलाफुलांची चादर बांधलेली. चादरीबाहेर तीन बायका बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर पिशवी.

"कितवा नंबर?" मी विचारलं.

"चवथा. उजवा का डावा?" एकीनं सुनंदाला विचारलं, जणू कुणी गावाचं नाव विचारावं.

"डावा. तुमचा?"

"उजवा. आमच्या आळीत तिगी होत्या. एक गेली."

एवढंच. मग त्या सुनेच्या स्वयंपाकाबद्दल बोलू लागल्या.

रजियाबी चाळिशीची, ठेंगणी, तोंडात मेण लावलेला दोरा. तिचे वडील टांग्याच्या घोड्यांचे साज करत. भूकंपानंतर शिबिरांतून पाय वाटले गेले, पण पट्टे तुटले की बायका घरी बसू लागल्या, कारण माप घ्यायला पुरुष. तेव्हा वडिलांनी लेकीला शिकवलं आणि चादर बांधली.

"मी दिवाळीत काय बोलली व्हती?" तिनं सुनंदाला आत घेत सुरुवात केली. "रिव्हेट ढिली हाय, बदलून घेऊन जा. ऐकलं? न्हाई. परवा शुक्रवारी कुठं व्हती?"

"लातूरला," सुनंदा म्हणाली. "ही माझी ताई, सरकारी. तिनं नेलं."

रजियाबीनं माझ्याकडे पाहिलं. "लातुरात पाय जोडायला गेल्या? लातुरात डोकी जोडत्यात."

मी चादरीचं टोक धरलं, कारण वाऱ्यानं ते उडत होतं. जुना पट्टा फेकून तिनं नवा कापला, मांडीवर गुंडाळला, खडूनं खुणा केल्या, पुन्हा सोडला, पुन्हा बांधला. दोन रिव्हेटांच्या जागी चार. आतून मऊ कातडं. मी विचारलं, "इतकं चांगलं काम आहे, लातूरला दुकान का नाही टाकत?"

तिनं दोरा दातांनी तोडला. "लातुरात बसून माझ्याकडं पाय किती येतील, बाई? चार. माझे पाय हिथं गावोगाव हायेत. त्या गावात दोन, ह्या गावात तीन. सगळ्यांनी भाडं भरून, मूल सोडून लातूरला यायचं, का मी एकलीनं पाटीपाटीला जायचं? तुमीच सांगा, तुमी सरकारी."

मी वही उघडली नाही. इतकी वर्षं मी गावं मोजत होते ती जागेवर उभी राहणारी. ज्या कामाला एका गावात पुरेसं गिऱ्हाईक नाही ते काम वरच्या गावात जातं, असं मी शिकले होते. ते काम उठून गिऱ्हाइकाकडे चालत जाईल, हा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता.

सुनंदा उभी राहिली. चादरीमागून बाहेर आली, गोदाबाईच्या लसणापर्यंत गेली, वळली, परत आली. मग बाजाराच्या टोकाला असलेल्या उंचवट्यावर चढली आणि उतरली.

"बसतंय," ती म्हणाली. आणि काल सकाळपासून पहिल्यांदा तिला भूक लागली. आम्ही तिथंच भजी खाल्ली.

निघताना तिनं यमुनाकाकूंची कुबडी रजियाबीच्या हातात दिली. "शुक्रवारी बोरखडी पाटीला द्या. यमुनाकाकू न्यायला येतील."

मी घाईनं म्हणाले, "सुनंदा, सोमवारपर्यंत तरी राहू दे. जिन्यात काही झालं तर?"

"कुबडी घेऊन रेक्टर व्हायला जाऊ का?" ती म्हणाली आणि एसटीकडे चालू लागली. मी सूटकेस उचलली. या वेळी मीच.

सोमवार, नांदेड

नांदेडचे रिक्षावाले सांगतात की लातूरपेक्षा नांदेड मोठं. लातूरचे उलट सांगतात. मी कुणाला आकडे दाखवले नाहीत. माझं सगळं लक्ष वसतिगृहाच्या जिन्याकडे होतं.

मालकीणबाई जाडजूड, मायाळू आणि घाईत. प्रज्ञा दाराशी उभी होती, पुस्तक उलटं धरलेलं. "चला," बाई म्हणाल्या. त्या पुढे, सुनंदा मागे, मग मी. मी पायऱ्या मोजल्या, दुसरं काय करणार. अठरा, पहिला मजला. पट्ट्याचा करकर आवाज येत होता, नव्या चामड्याचा. सुनंदाचा हात कठड्यावर होता, पण टेकलेला नव्हता. छत्तीस, दुसरा मजला. इथं मालकीणबाई थांबल्या, धापा टाकत भिंतीला टेकल्या.

"तुम्ही जाऊन या वर," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे म्हणजे नुसती कटकट. म्हणून तर रेक्टर पाहिजे मला."

सुनंदा वर गेली. मी दुसऱ्या मजल्यावरच उभी राहिले, कारण माझाही श्वास फुलला होता. वर दारं वाजली, मुलींचा कालवा झाला, आणि मग सुनंदाचा तो लातूरचा आवाज जिन्यातून खाली आला:

"ही वल्ली कापडं कुणाची गं? वळचणीला दोरी असताना खिडकीत का घातलीत? काढा आधी!"

मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "दुसऱ्या बाईंना मी आज नाही म्हणून कळवते," त्या म्हणाल्या. मी कठड्यावरून खाली डोकावले, तर प्रज्ञानं पुस्तक सरळ धरलं होतं.

मी त्याच संध्याकाळच्या गाडीनं निघाले. आठवडाभर कार्यालयात बसून मी तक्त्यात नवा रकाना आखला: बाजार, कोणत्या वारी, कोण बसतं. साहेबांना तो अजून पटलेला नाही. पण त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी दुपारी फोन वाजला. बोरखडी पाटीच्या एसटीडी बूथवरून यमुनाकाकू होत्या, बाजाराचा गलबला त्यांच्या आवाजापेक्षा मोठा होता.

"कुबडी पोचली बगा," त्या ओरडून म्हणाल्या. "रजियाबीनं बूड पण नवं लावून दिलंय. आन तुमच्यासाटी निरोप दिलाय तिनं: ताईला म्हणावं, काय तुटलं तर लातूरला पळू नका, शुक्रवारी पाटीला या."